टायर घ्यायला आला होता, आणि माझ्या बोटात तार घुसली

मी टायर आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतो. बरीच वर्षं झाली, हजारो चाकं हाताखालून गेली, पण ही एक सेडान काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

सकाळची पहिलीच गाडी. मालक उतरला आणि सरळ मोबाईल पुढे केला, म्हणाला दादा हे टायर बघून ठेवलेत, दोनच टाकायचेत, पुढे. बघितलं तर माप २२५/४५ आर १७, समर टायर, ट्रेडवेअर २०० (रबर किती टिकतं त्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ आणि लवकर झिजणारं). म्हणजे रस्त्यावर चालतो पण ट्रॅकवर गाडी पळवणारे लोक जो घेतात त्या जातीचा. मी विचारलं गाडी चालते कशी? तर रोज ऑफिस, आणि सुट्टीला घरचे सगळे, डिकी भरून सामान. मग हा टायर का? म्हणाला, "अहो पावसात मागून सुटते गाडी. परवा साध्या वळणावर मागची बाजू अशी फिरली की मागे बसलेली मुलगी घाबरून रडायला लागली. आत्ताच्या टायरला ग्रिपच नाहीये, आता चांगला परफॉर्मन्स टायरच टाकायचा, पैसे गेले तरी चालतील."

मागून सुटते तर नवे पुढे कशाला, असं विचारलं तर म्हणाला पुढचे जास्त घासतात ना, फ्रंट व्हील ड्राईव्ह आहे. हे मला रोज ऐकायला मिळतं आणि रोज तेवढ्याच तळमळीने सांगावं लागतं की दोनच नवे टाकणार असाल तर ते मागे जातात, गाडी कुठल्याही चाकांवर ओढणारी असो. पुढची ग्रिप सुटली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की बऱ्याचदा सावरता येते, पण ओल्या रस्त्यावर मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला विचार करायलाही वेळ मिळत नाही.

तो म्हणाला बरं मागे टाका. पण मला आता जुने टायर बघायचेच होते, कारण उभ्या गाडीचे मागचे टायर बाहेरून छान दिसत होते. खाचांची खोली मोजायचा गेज लावला, बाहेरच्या खाचा साडेचार मिलिमीटर, मधे चार. नवा टायर साधारण आठचा असतो आणि बऱ्याच देशात कायद्याची हद्द १.६ ची आहे, म्हणजे हा टायर अजून चालायला हवा होता. एवढी खाच असताना साध्या वळणावर मागची बाजू का सुटावी? गाडी रॅम्पवर वर घेतली आणि मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला, आणि बोटात काहीतरी टचकन घुसलं. हात बाहेर काढला तर रक्त. बॅटरी मारून बघितलं, आतल्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पट्टा पूर्ण गुळगुळीत, त्यात एका जागी रबर संपून पोलादी तारा वर आलेल्या, केसासारख्या उभ्या. उजव्या चाकाची तार अजून दिसत नव्हती पण कड तशीच खाल्लेली.

मी मालकाला खाली बोलावलं आणि बॅटरी धरली. तो काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, शनिवारी आम्ही सगळे हायवेने लांब जाणार आहोत.

अलाइनमेंट लावली तर दोन्ही मागची चाकं बाहेरच्या बाजूला फाकलेली, डावं जास्त, जवळपास अर्धा अंश. ऐकायला अर्धा अंश काहीच नाही वाटत, पण हिशोब केला तर एवढ्या कोनात चाक दर किलोमीटरला आठ मीटरच्या वर आडवं खरडत जातं, रोजच्या रोज. कारण शोधलं तर मागच्या आर्मचा, म्हणजे चाक जागेवर धरणाऱ्या दांडीचा, रबर बुश (सांध्यातली रबराची गादी) फाटलेला, पाना लावून हलवला की आर्म सरळ सरळ जागा सोडत होता. मागची चाकं अशी फाकली की गाडी मागून हलकी आणि चंचल होते, त्यात आतल्या बाजूला पाणी काढायला खाचच उरलेली नाही. पावसात दुसरं काय होणार? मी विचारलं स्टीअरिंग सरळ असतं का, तर म्हणाला थोडं तिरकं धरावं लागतं, पण सवय झाली.

मला मनापासून वाईट वाटलं ते हे ऐकून. गाडी किती दिवस सांगत होती आणि तो रात्र रात्र बसून टायरचे रिव्ह्यू वाचत होता. त्याचा काही दोष नाही, आतली कड चाक वर घेतल्याशिवाय दिसतच नाही. पण त्या गाडीवर जगातला सर्वात भारी टायर चढवला असता तरी तिने तो तसाच खाल्ला असता, आणि मऊ रबर असल्यामुळे अजून लवकर.

आता पुढचेही उतरत आलेलेच होते, म्हणून चार घ्यायचं ठरलं, आणि मग टायर कुठला यावर आम्ही निवांत बोललो. ट्रेडवेअर २०० वाल्याला खरी पकड यायला तो तापावा लागतो, ऑफिसच्या रोजच्या ड्राईव्हमध्ये तो तेवढा तापतच नाही, शिवाय अशा बऱ्याच टायरमध्ये खाचा उथळ आणि कमी असतात, साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतात. त्याला पाहिजे होता रस्त्यासाठीच बनवलेला समर परफॉर्मन्स टायर, मिशेलिनचा पायलट स्पोर्ट किंवा कॉन्टिनेंटलचा स्पोर्टकॉन्टॅक्ट या घरातला. समर टायर म्हणजे कोरड्यातला टायर असा लोकांचा समज आहे तो चुकीचा, उबदार हवेतल्या पावसात चांगला समर टायर फार छान थांबतो. त्याचा खरा शत्रू थंडी, पारा ७ अंशाच्या खाली राहायला लागला की रबर कडक होतं आणि बर्फात तर तो काढायचाच.

अजून एक गोष्ट मी त्याला दाराच्या खांबावरचा स्टिकर दाखवून सांगितली. कंपनीने ९४ डब्ल्यू मागितलं होतं, त्याने निवडलेला टायर होता ९१. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. पाच माणसं आणि भरलेली डिकी असताना हा फरक सोडून द्यायचा नसतो. डब्ल्यूचा अर्थ ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता, तेवढं कोणी पळवत नाही, पण स्टिकरच्या खाली उतरायचं नाही हा माझा नियम आहे आणि त्यात मी कोणाचं ऐकत नाही.

आधी बुश बदलले, मग ९४ चे चार टायर चढवले, प्रत्येकावरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष, त्याच्याकडून वाचून घेतले, आऊटसाईड लिहिलेली बाजू बाहेर आली का ते दोनदा बघितलं, आणि अलाइनमेंट शेवटी. स्टीअरिंग सरळ झालं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा म्हणालो, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो. शनिवारी गेले ते.

महिन्याभराने नट तपासायला म्हणून परत आला. मी जॅक आणायला वळलो तोवर हा पठ्ठ्या चाकाशेजारी गुडघे टेकून बसलेला, हात आत घालून मागच्या डाव्या टायरची आतली कड चाचपत होता. मग दुसऱ्या बाजूला गेला आणि तिकडचीही चाचपली.