राणीची लॅटिन आणि अडवलेली जहाजं

आज दुपारी वाचता वाचता एका प्रसंगापाशी थांबले, तो अजून डोक्यातून जात नाहीये.

जुलै १५९७, ग्रीनिचचा राजवाडा. इंग्लंडचं स्पेनशी युद्ध चालू आहे. पोलंडच्या राजाचा दूत पावेल जाविन्स्की भर दरबारात इंग्लंडच्या राणी एलिझाबेथला (पहिल्या) लॅटिनमध्ये सुनावतो: स्पेनशी व्यापार करणं हा आमचा हक्क आहे, तुमचे लोक आमची जहाजं अडवतात, माल काढून घेतात.

राणी ६३ वर्षांची. काहीही तयारी नसताना तिनं लॅटिनमध्येच उत्तर दिलं. दोन राजांत युद्ध पेटलं की शत्रूकडे जाणारी मदत रोखणं निसर्गाच्या कायद्यालाच धरून आहे, म्हणाली. नंतर दरबाऱ्यांना म्हणे, गंजलेली लॅटिन आज घासूनपुसून काढावी लागली!

बाई जबरदस्तच. पण मला सलतंय ते वेगळंच.

१५८९ मध्ये राणीचा आरमारी सेनानी ड्रेक याच्या ताफ्यानं, तेव्हा स्पेनच्या राजाच्या ताब्यात असलेल्या लिस्बनजवळ, हान्सा शहरांची (उत्तर जर्मनी आणि बाल्टिक किनाऱ्यावरच्या व्यापारी शहरांच्या संघाची) साठेक जहाजं धरली होती. धान्य आणि जहाजबांधणीचं सामान भरलेली. राणीचं भाषण कौतुकानं जपलं गेलं. त्या जहाजांवरच्या खलाशांचं नाव कुणी घेतं का?

आणि कोणता माल शत्रूला मदत, कोणतं नुसतं पोटाचं धान्य, हे ठरवायचं कुणी? ज्याच्याकडे तोफा, त्यानंच?