दुबईला जाताय? ‘बेसिक किती?’ हे आधी विचारा

बेळगावच्या उद्यमबागेत चार वर्षं वेल्डिंग केलेल्या पोराला गल्फचं बोलावणं आलं की घरात पहिला प्रश्न असतो, ‘पगार किती?’ एजंट सांगतो, बाराशे दिरहम. तेवढ्या शब्दावर सोनं गहाण पडतं. पण त्या बाराशेत बेसिक, म्हणजे मूळ पगार, किती नि भत्ते किती, हे कुणीच विचारत नाही.

दुबई ज्या देशात आहे त्या युएईच्या कायद्यात ओव्हरटाइम आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) दोन्ही बेसिकवर मोजतात. नोकरीचं एक वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकएवढी ग्रॅच्युइटी मिळते. बेसिक १,२०० असेल तर तीन वर्षांचे २,५२० दिरहम होतात. करारात बेसिक ७०० आणि भत्ते ५०० लिहिले असतील तर १,४७०. ओव्हरटाइमला तासाच्या बेसिकवर किमान २५ टक्के जादा, म्हणजे पहिल्याला तासाला ६.२५ दिरहम, दुसऱ्याला जेमतेम ३.६५. महिन्याला ५० तास जादा काम केलं तर १३० दिरहमांचा फरक पडतो, आणि हातात येणारा पगार मात्र दोघांचा सारखाच दिसतो. म्हणून ऑफर लेटर मागून घ्या, बेसिकच्या आकड्याखाली रेघ ओढा, मगच सही करा. तिथला करार ऑफर लेटरशी जुळावा असा नियमच आहे. उतरल्यावर कमी आकड्याचा दुसरा कागद पुढे आला तर सही करू नका आणि पहिल्याचा फोटो जपून ठेवा.

आता पासपोर्ट. आपल्या भागात घोळ होतो तो नावाचा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर ‘परशराम’, आधारवर ‘परशुराम’, आणि आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर. हे न जुळल्यामुळे दहावी पास झालेली पोरंही मार्क्सकार्ड न जोडताच अर्ज करतात आणि पासपोर्टवर ईसीआर पडतं, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल अशी नोंद. दहावी पास माणसाला ते लागू नाही. मार्क्सकार्डातलं नाव बरोबर असेल तर आधी आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे स्पेलिंग एकदाच, नीट विचार करून द्या. पासपोर्टात नाव आणि आडनाव दोन्ही पूर्ण लिहा. एकाच शब्दाचं नाव असलेल्यांना युएई नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर घेत नाही.

ज्यांचा ईसीआर आहे त्यांनी तो कमीपणा मानू नये. सौदी, कुवेत, कतार, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जाताना त्यांना सरकारची परवानगी लागते, आणि त्या निमित्ताने करार तपासला जातो. प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघाती विमाही घ्यावा लागतो. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. वारसाचं नाव आधारवर आहे तसंच लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी आईला खेटे घालावे लागतात. ईसीआर नसलेल्याला ही चाळण लागत नाही, म्हणून त्याने सगळं स्वतःच तपासायचं.

एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघा. परवाना चालू आहे की रद्द, तिथे दिसतं. गावात येऊन पासपोर्ट गोळा करणारा ‘मधला माणूस’ नोंदणीकृत नसतो आणि कायदा त्याला ओळखत नाही. एजंटची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. लाख-सव्वा लाख मागितले तर तिथेच थांबा. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. रोख दिलेले पैसे दिल्याचं सिद्ध करणं फार अवघड जातं.

‘आधी व्हिजिटवर चला, तिथे व्हिसा बदलू’ हे ऐकलं की पासपोर्ट परत मागा. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे. लेबर कार्ड (कामाचा परवाना) नाही, बँकेतून पगार नाही, म्हणून पगार बुडाला तर दाद मागायला कागदच नसतो. आमच्या मते एवढी एक गोष्ट टाळली तरी मोठं संकट टळतं.

तिथे पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं चालत नाही. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाचा, तो तुमच्या पगारातून कापता येत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम लावायला बंदी आहे. पगार थकला तर युएईत ८००८४ वर कामगार खात्याकडे तक्रार करा. भारतीयांसाठीचा मदत क्रमांक ८०० ४६३४२.

घरी एक पाकीट ठेवून जा. त्यात पासपोर्टची दोन्ही पानं, व्हिसा, करार, विम्याची पॉलिसी, कंपनीचं पूर्ण नाव आणि खोलीचा पत्ता, सगळ्याच्या झेरॉक्स. काही अडलं तर खानापूर किंवा निपाणीत बसून घरचे लोक परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करू शकतात, १८०० ११ ३०९० वर फोन करू शकतात. तेव्हा पहिल्यांदा पासपोर्ट नंबर आणि कंपनीचं नावच विचारलं जातं.