धाकटा भिक्षू वाचत बसतो

नाटक ही पाहण्याची गोष्ट, वाचण्याची नव्हे, अशी आपली पक्की समजूत असते. जर्मन नाटककार ब्रेख्त म्हटले की आपल्याला पुलंचा ‘तीन पैशाचा तमाशा’ आठवतो, तोही पाहिलेला किंवा पाहिलेल्यांकडून ऐकलेला. त्याच ब्रेख्तचे गॅलिलिओवरचे नाटक मी मात्र नुसते वाचले आणि वाचण्यातली लज्जत काही निराळीच आहे, असे माझे मत झाले.

एका प्रवेशात पोपला कपडे चढवले जात आहेत. स्वतः गणिताचा जाणकार असलेला हा पोप, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे म्हणणाऱ्या गॅलिलिओवरच्या कारवाईला सुरुवातीला साफ नकार देतो; पण अंगावर एकेक वस्त्र चढत जाते तसतसा त्याचा नकार ढिला पडतो आणि पूर्ण पोशाखात तो छळाची हत्यारे नुसती दाखवायला संमती देतो. रंगमंचावर हे नजरेसमोरून निघून जात असेल. कागदावर मी मागे जाऊन कोणत्या वस्त्राला कोणते वाक्य सुटले ते ताडून पाहिले.

त्याहून मोठी मौज धाकट्या भिक्षूच्या प्रवेशात आहे. हा गणित शिकलेला तरुण, शेतकऱ्याचा मुलगा. धुराने काळे पडलेले वासे, आईबापांचे झिजलेले हात आणि त्या हातांतला लहानसा चमचा यांचे वर्णन करून तो विचारतो, की देवाची नजर आपल्यावर आहे एवढ्याच आधारावर राबणाऱ्या या माणसांना, तुम्ही एका किरकोळ ताऱ्याभोवती फिरणाऱ्या दगडी गोळ्यावर आहात, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? धर्माची बाजू इतक्या मायेने मांडलेली पाहून मी पुस्तक मिटून बसलो, कारण मला उत्तर सुचत नव्हते. (हे लिहिणारा ब्रेख्त मार्क्सवादी होता, हे विशेष.) गॅलिलिओ संतापून म्हणतो, की या गरिबांच्या घामावरच पोपची युद्धे चालतात. तर्क बिनतोड आहे. तरी तो चमचा काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग गॅलिलिओ भरती-ओहोटीवरचे आपले हस्तलिखित त्याच्यापुढे टाकतो आणि वर बजावतो, की हे वाचायचे नाही. भिक्षू तत्काळ त्यात बुडतो आणि न कळलेल्या वाक्याचा अर्थ विचारू लागतो. गंमत अशी, की भरती-ओहोटी पृथ्वीच्या गतीमुळे होते, हा गॅलिलिओचा लाडका सिद्धान्त पुढे चुकीचाच ठरला. भरती-ओहोटीसाठी चंद्राकडे बोट दाखवणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरची कल्पना त्याला पोरकट वाटत असे.