टाके किती, दोरा किती

नागपूरच्या मे महिन्यात ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला की सिझेरियनमधला जास्तीचा एकेक टाका अंगावर येतो. मी शिकले फॅननस्टील छेदावर, म्हणजे ओटीपोटावरच्या किंचित वळणदार आडव्या छेदावर; आता जोएल-कोहेन घेते. सरळ आडवा छेद, थोडा वर, आणि आतले थर कापत न बसता बोटांनी बाजूला सारायचे. रक्त कमी जातं, वेळही कमी लागतो. जेरुसलेमच्या मिसगाव लदाख रुग्णालयात मायकेल स्टार्क यांनी याच छेदावर आपली पद्धत बसवली: गर्भाशयाला एकाच थराची शिवण, पेरिटोनियम, म्हणजे पोटाच्या आतलं पातळ अस्तर, तसंच सोडायचं. दोरा वाचतो. आमच्याकडे दोरा संपला म्हणजे नातेवाइकाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला मेडिकलवर पळवणं आलं.

"मॅडम, पेरिटोनियम शिवायचं नाही काय?" नव्या सिस्टरनं नीडल होल्डर पुढे धरत विचारलं.

"नाही वो सिस्टर, ते आपोआपच भरते."

सिझेरियनच्या पद्धतींवर भारतासह ७ देशांत झालेल्या कोरोनिस चाचणीत (२०१३) एक थर की दोन, दोरा कॅटगटचा की पॉलिग्लॅक्टिनचा, असल्या जोड्यांत ६ आठवड्यांपर्यंत म्हणावा असा फरक दिसला नाही. तरी पुढच्या खेपेला नॉर्मलची आशा असलेल्या बाईला मी दोन थरच घालते. हट्ट म्हणा हवं तर. आधीचं सिझेरियन असेल, आत सगळं चिकटलेलं असेल, तर बोटांचं काही चालत नाही. तिथे मी सरळ कात्री मागते.