छत्रीच्या पिनेत शिरलेलं पाणी

आईचा फोन आला तेव्हा श्रावण निम्मा उलटला होता. "अरे, सकाळी टीव्ही लागत नाही. दुपारी आपला आपण येतो, दिवेलागणीला परत जातो." आठवडाभर ती हेच सांगत होती आणि मी दरवेळी "पाऊस आहे ना, म्हणून" म्हणून फोन ठेवत होतो. मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं, कारण दुखणं काय आहे ते तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

दाट सरीत डिशचा, म्हणजे टीव्हीच्या छत्रीचा, सिग्नल अडतो हे खरं. पण सर ओसरली की थोड्या वेळात चित्र परत येतं. आमच्याकडे उघडीप असलेल्या दिवशीही सकाळी पडदा काळा आणि ऊन चढलं की सगळं ठीक. म्हणजे आभाळातून पडणारं पाणी नव्हे, कुठेतरी मुरलेलं पाणी.

घर संगमेश्वर तालुक्यात, मी पुण्याला. वहिनीने तालुक्याच्या गावातून एका फिटरला बोलावलं. त्याने एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, गेला असं सांगून नवा बसवला. दोन दिवस टीव्ही छान चालला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता कळतं की एलएनबीत खोचलेली केबलच्या टोकाची पिन काढून घालताना गंज थोडा खरवडला गेला, म्हणून ते दोन दिवस मिळाले. एलएनबीला काहीच झालं नव्हतं. आईचे पैसे गेले याचं मला फार वाईट वाटलं. गणपतीच्या आधीच्या शनिवारी व्होल्ट आणि ओहम मोजायचा मल्टीमीटर पिशवीत टाकून मी गावी गेलो.

आमच्याकडे डीडी फ्री डिश आहे. महिन्याला पैसे भरायचे नाहीत, सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लागतात, आईला तेवढं पुरतं. छत्री न्हाणीघराच्या स्लॅबवर, तोंड आग्नेयेला, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे. तिथून खाली सेट टॉप बॉक्सपर्यंत साधारण २० मीटर आरजी-६ केबल. ही केबल दुहेरी काम करते. चित्र तिच्यातून खाली येतं आणि एलएनबीला लागणारी वीज बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाते, उभ्या ध्रुवीकरणासाठी (लहरी उभ्या डोलणाऱ्या) १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८. त्यामुळे टोकाच्या पिनेत बिघाड झाला की नुसता सिग्नल कमी होत नाही, वरचा एलएनबीच उपाशी राहतो.

सुरुवातीला मीही फसलो. वरची पिन एलएनबीतून सोडवली, मधली तार आणि बाहेरचं कवच यांच्यात मीटर लावला, तर १३.५ व्होल्ट. म्हटलं, केबल ठणठणीत आहे. अर्धा तास छत्री हलवून बघण्यात गेला. मग लक्षात आलं की मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही तो पूर्ण व्होल्ट दाखवणारच. एलएनबी मात्र १०० मिलिअँपिअरच्या आसपास ओढतो. मग बॉक्सचा प्लग भिंतीतून काढला, वरच्या टोकाला मधली तार आणि कवच एका क्लिपने जोडून टाकलं आणि खाली येऊन केबलच्या दुसऱ्या टोकाला ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजले. धड केबलीला दोन-तीन ओहम यायला हवेत. मीटरवर ४०, मग ७०, पुतण्याने वर केबल हलवली की ९०. शाळेत शिकलेला ओहमचा नियम लावून बघा: ७० ओहममध्ये ०.१ अँपिअरला ७ व्होल्ट वाटेतच जिरतात. १३ पैकी ६ उरले, त्यावर एलएनबी काय चालणार!

पिनेवर कोणीतरी साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. उन्हाने तिचा गोंद सुटून ती सैल पिशवीसारखी झाली होती. ती सोलली तर आतून पाणी निघालं, अगदी थेंबभर नाही, चमचाभर. टेपने पाणी अडवलं नव्हतं, धरून ठेवलं होतं. पिन आमच्याकडे मिळते ती, पिळून बसवायची. तिच्या आतली ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजे मघाचं कवच, उरलीच नव्हती, नखाने खरवडली तर पांढरं पीठ. आणि मधली तार तांब्याची असूनही तांबूस तपकिरी गंजलेली. तांब्याला असा गंज कसा? कारण ती पूर्ण तांब्याची नसतेच. आत पोलाद, वरून तांब्याचा पातळ मुलामा. इतक्या वरच्या कंपनसंख्येचा सिग्नल तारेच्या कातडीवरूनच वाहतो, म्हणून कारखान्यांना तेवढं पुरतं. पण मुलामा गेला की पोलाद उघडं पडतं. त्यात बॉक्स चालू असला की त्या ओलीतून थोडी वीज सतत झिरपत राहते आणि गंज दुप्पट वेगाने पसरतो, असंच ती तार बघून वाटलं.

वीतभर केबल कापली. आतली जाळी काळी. आणखी एक वीत कापली, तरी काळी. जाळी दिव्याच्या वातीसारखं पाणी आत ओढत गेली होती. माझा जीव खाली-वर व्हायला लागला, कारण केबल ताणून बसवलेली, हातात सैल वायर जेमतेम अडीच हात. तिसऱ्या कापाला, दोन फुटांच्या वर गेल्यावर, चकचकीत चंदेरी जाळी दिसली. ती चमक बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. केबल आधी पाइपाला वळसा घालून आली होती, तो वळसा सोडवला आणि हवी तेवढी लांबी मिळाली.

दाबून बसवायच्या पिना आणि त्यांची पकड गावातल्या केबलवाल्या मुलाने दिली. "काका, पिळायची पिन पावसात टिकत नाही, हीच घाला," म्हणाला. पकड विकत घ्यायची असेल तर पैसे पडतात, पण मागून आणता येते. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांनी पिळायच्या पिनेच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलण्याचं काम बारीक आहे. बाहेरचं काळं आवरण साधारण १५ मिलिमीटर काढायचं, जाळी मागे उलटवायची, फोमवर चिकटलेली पन्नी तशीच ठेवायची, मग टोकाचा ७-८ मिलिमीटर फोम काढून तार उघडी करायची. पिनेची आतली नळी पन्नी आणि जाळी यांच्या मध्ये शिरली पाहिजे. पांढरा फोम पिनेच्या आतल्या तळाशी बरोबर सपाट यायला हवा, ना मागे ना पुढे, आणि तार नटाच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर.

पहिली पिन बसवली आणि मीटर बीप वाजला. जाळीचा एकच केस मधल्या तारेला टेकला होता. तो केस माझ्या डोळ्यांना दिसेना, पुतण्याने मोबाइलचा टॉर्च मारून दाखवला. तशीच जोडली असती तर बॉक्सचे १८ व्होल्ट थेट शॉर्ट झाले असते. दुसऱ्या वेळी फोम पात्याने कापताना तारेवर चरा पडला, ती वाकवताच तुटली. तिसऱ्या वेळी पातं फक्त फोमभोवती हलकं फिरवलं, उरलेला फोम बोटांनी ओढून काढला आणि तारेवरचा चिकट पापुद्रा नखाने खरवडला. पकड दाबली. बीप नाही. टोक जोडून खाली ओहम मोजले: २.८, हलवली तरी २.८.

मग टेप. स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप मिळते, ती ताणून गुंडाळायची असते, ताणली तरच तिचे थर एकजीव होतात. सुरुवात खालून, केबलीच्या बाजूने, आणि चढत वर एलएनबीकडे. कौलं शाकारताना आपण पागोळीकडून आढ्याकडे जातो, वरचं कौल खालच्यावर चढवतो, तसंच. उलट गुंडाळली तर प्रत्येक थर पाण्याला आत बोलावतो. आणि पिनेच्या खाली केबलला एक झोळ ठेवला. केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी जमून तिथून टपकतं, पिनेपर्यंत चढत नाही.

खाली येऊन बॉक्स लावला. सिग्नलच्या पट्टीवर क्वालिटी शून्यावरून ७४ वर गेली. आई तोवर देवापुढे दिवा लावत होती. बातम्यांची धून ऐकून तशीच बाहेर आली, निवेदिकेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सकाळी लागला तर खरं."

रात्री दोनला पाऊस आला, चांगला जोराचा. मला झोप लागेना. सर थांबल्यावर बॅटरी घेऊन शिडीवर चढलो. झोळाच्या तळाशी थेंब जमत होता, लांबट होत होता, पडत होता, त्यामागून दुसरा. वर पिनेवरची टेप हाताने चाचपली, खालच्या काठाशी कोरडी होती. सकाळी सहाला आईने टीव्ही लावला.