बसलेले गाल भरायचे, पण कशाने?

गाल बसले म्हटलं की हल्ली पहिलं नाव निघतं ते फिलरचं, म्हणजे त्वचेखाली टोचून भरायच्या जेलसारख्या भरावाचं. पण गाल काही एकाच जागी बसत नाही. डोळ्याखालचा, नाकाशेजारचा भाग सपाट होतो ते वेगळं, गालाच्या हाडाचा उठाव जातो ते वेगळं, आणि हाडाखाली दाढांच्या बाजूला खळगा पडतो ते आणखी वेगळं. चेहऱ्यातली चरबी सलग थरात नसते, कप्प्याकप्प्यांत असते. रोहरिच आणि पेसा या प्लास्टिक सर्जनांनी 2007 मध्ये मृतदेहांच्या चेहऱ्यात रंग सोडून हे कप्पे दाखवले. वयाबरोबर हाडालगतचे खोल कप्पे रोडावतात, खालचं हाडही थोडं झिजतं, आणि आधार गेल्यामुळे वरचं सगळं खाली ओघळतं. ओघळलेलं दिसतं म्हणून ओढून घ्यावंसं वाटतं, पण बऱ्याचदा कमी पडलेला असतो तो आतला आधार.

एक ढोबळ तपासणी घरी करता येते. आडवं पडून हातातल्या आरशात बघा. झोपल्यावर गाल नीट दिसत असतील तर ओघळ जास्त आहे, तिथे भरणी करून फार हाती लागत नाही. झोपूनही खळगा तसाच राहिला तर भराव खरोखर कमी झालाय. आणि तोंड उघडून दाढाही बघा. वरच्या दाढा पडून वर्षं झाली असतील तर तिथलं हाड झिजून गाल आत जातो. अशा वेळी दंतवैद्याकडे आधी जावं, सिरिंजचा विचार नंतर. वजन भराभर उतरत असेल (सध्या वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनांमुळे हे खूप दिसतं), तर ते निदान तीन-चार महिने एका जागी टिकेपर्यंत थांबा.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सरळ आहे: हायल्युरॉनिक ॲसिडचं (त्वचेतही असणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं) फिलर, तेही कमी मात्रेत. ते सगळ्यात चांगलं आहे म्हणून नाही, तर नको झालं किंवा बिघडलं तर हायल्युरोनिडेज हे एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं म्हणून. बाकीच्या कुठल्याच भरावाला ही सोय नाही. गालासाठी घट्ट, उचलून धरणारं जेल लागतं. ओठांसाठीचं मऊ जेल गालात घातलं तर पसरतं. जुवेडर्म वोलुमा या अशाच एका ब्रँडला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या संस्थेने) 2013 मध्ये खास गालासाठी मान्यता दिली. वर्ष ते दोन वर्षं ते टिकतं.

सिरिंज 1 एमएलची असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. एवढ्याने दोन्ही गाल टम्म होतील ही आशा सोडा. तिशी-पस्तिशीत दोन्ही बाजूंना मिळून 1 ते 2 एमएल पुरतं, पन्नाशीपुढे 2 ते 4. सगळं एकदम भरू नये. निम्मं घालावं, सूज उतरायला दोन आठवडे द्यावेत, मग हसून, बोलून, वरून उजेड घेऊन बघावं आणि उरलेलं ठरवावं. हसून बघणं महत्त्वाचं. नाकाजवळच्या भागात जास्त माल गेला असेल तर स्थिर चेहरा छान दिसतो, पण हसल्यावर गाल डोळ्यावर चढतो आणि डोळा बारीक होतो. फोटोतला तो उशीसारखा चेहरा बहुतेक असाच तयार होतो. डोळ्याखाली वरवर टोचलं तर आणखी एक त्रास: तिथे पाणी धरून राहतं, सकाळी पिशव्या दिसतात आणि त्या महिनोन् महिने जात नाहीत.

आता खऱ्या धोक्याकडे. फिलर रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला तर पुढच्या त्वचेचं रक्त बंद होतं. चटकन पांढरा पडलेला डाग, नंतर जांभळट जाळीदार नक्षी, वाढत जाणारी कळ. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन-तीन सेकंदांत परत यायला हवा. रेंगाळला तर घोटाळा आहे. साध्या काळेनिळेपणाला अशी जाळी नसते. भुलेमुळे सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नका. माल उलटा ढकलला जाऊन डोळ्याच्या रक्तवाहिनीत पोचला तर दृष्टी जाऊ शकते, आणि तिथे हातात तासाभराचा वेळही धड नसतो. म्हणून हळू टोचणं, एका जागी 0.1 एमएलच्या आसपासच सोडणं, मऊ भागात सुईऐवजी बोथट टोकाची बारीक नळी (कॅन्युला) वापरणं या गोष्टींवर तडजोड नको.

दवाखान्यात हायल्युरोनिडेज आहे का, हे बेधडक विचारा. आपल्याकडे ते 1500 युनिटच्या कुपीत मिळतं. रक्त अडलं तर शेकडो युनिट, गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा द्यावे लागतात, तेव्हा फ्रिजमधली एकुलती कुपी पुरायची नाही.

स्कल्प्ट्रा, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, हा भराव नसून कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) वाढवायला शरीराला चिथावणारा पदार्थ आहे. एचआयव्हीच्या रुग्णांचे ओढलेले गाल भरण्यासाठी त्याला एफडीएची मान्यता 2004 मध्ये मिळाली. टोचल्या दिवशी गाल भरलेले दिसतात, पण ते त्यातलं पाणी असतं. चार दिवसांत ते ओसरतं आणि माणूस घाबरतो. खरा परिणाम महिन्यांनी दिसतो. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने साधारण तीन बैठका लागतात. पावडर कमी पाण्यात कालवली किंवा त्वचेच्या जवळ टोचली तर कडक गाठी होतात, आणि त्या विरघळवता येत नाहीत. घरी दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, पाच दिवस मालिश करायला सांगतात, ते टाळू नका. सरसकट रोडावलेल्या चेहऱ्याला हे उत्तम; एका ठरावीक खळग्याला नाही. कॅल्शियमचं रेडिएस वर्ष-दीड वर्ष टिकतं, तेही विरघळत नाही, आणि सीटी स्कॅनमध्ये दिसतं.

स्वतःचीच चरबी घालायची तर पोटाची किंवा मांडीची काढतात, साफ करून एका गालात साधारण 5 ते 10 एमएल भरतात. त्यातली किती जगेल हे सर्जनही छातीठोक सांगत नाही. निम्म्याच्या आसपास धरून चाला. तीन ते सहा महिन्यांनी जे उरतं ते खरं. उरलेली चरबी वजनासोबत वाढते-घटते. खूप भराव हवा असेल आणि ऑपरेशन थिएटर, आठ-दहा दिवसांची सूज चालणार असेल तर दरवर्षी सिरिंजांवर खर्च करण्यापेक्षा हे बरं. सिलिकॉनचं इम्प्लांट मूळ हाडच सपाट असेल तर विचारात घ्यावं. ते सरकू शकतं, त्याला संसर्ग होऊ शकतो, शेजारची नस दबून ओठ बधिर होऊ शकतो. त्वचेखाली ओवायच्या धाग्यांनी (थ्रेड लिफ्ट) गाल भरत नाही, तात्पुरता वर ओढला जातो इतकंच.

लग्नकार्य असेल तर हायल्युरॉनिक फिलर निदान महिनाभर आधी, स्कल्प्ट्रा किंवा चरबी सहा महिने आधी. दाताचं काम आणि फिलर यांत दोन आठवडे ठेवा. ॲस्पिरिन चालू असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका. थोडं काळंनिळं होणं परवडतं. गरोदरपणात, किंवा चेहऱ्यावर पू झालेला असताना हात लावू नये.

सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावर बॅच नंबर, मुदत आणि आयातदाराचा परवाना क्रमांक असायला हवा. आपल्याकडे फिलर हे वैद्यकीय उपकरण धरलं जातं, पार्लरमध्ये करायची गोष्ट नव्हे. सोबत आलेलं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दोन वर्षांनी गालात गाठ आली, तर आत नेमकं काय घातलंय हे पुढच्या डॉक्टरला त्या स्टिकरवरूनच कळतं, आणि विरघळवायचं की नाही तेही.