एक डोळा झाकून

लाइट गेली तर धावायचं आणि नाही गेली तर बसून राहायचं, अशी माझी नोकरी. बालेवाडीला हौशी नेमबाजांची स्पर्धा होती. तिथल्या इलेक्ट्रॉनिक टार्गेट्सचा बॅकअप आमच्या यूपीएसवर, म्हणून शनिवार-रविवार मला मुंबईहून पिटाळलं होतं. लाइट काही गेली नाही. बॅटऱ्यांचं व्होल्टेज बघून झालं, टर्मिनल आवळून झाली, चहा झाला, परत झाला. मग दुपारी प्रेक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन बसले.

नेमबाजी बघणं हा, स्पष्टच सांगायचं तर, महाकंटाळवाणा प्रकार आहे. ओळीनं माणसं उभी. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे. अंगात कॅनव्हासची कडक जॅकेटं, त्यामुळे वाकायचं म्हटलं तरी अख्खा माणूस वाकतो. मध्येच कुठून तरी 'टप्' असा आवाज येतो, तोही आपल्या कुकरच्या शिट्टीसमोर काहीच नाही. माझ्या समोरच्या लेनवर पन्नाशीचे एक गृहस्थ होते, बँकेत असावेत असं उगीचच वाटलं. ते रायफल उचलायचे, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचे, गाल लाकडाला लावायचे, श्वास अर्धा सोडायचे आणि थांबायचे. आता झाडणार, आता झाडणार म्हणून मी श्वास धरायची. आणि हे शांतपणे रायफल खाली ठेवायचे! मनासारखं जुळलं नाही की झाडायचं नाही. साठ गोळ्यांना सव्वा तास मिळतो, त्यातला बराचसा वेळ माणसं न झाडण्यात घालवतात.

आणि झाडायचं कुठे? दहा मीटरवरच्या त्या टार्गेटमधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. माझ्या मल्टिमीटरच्या पिनचं टोकही त्याहून जाड आहे. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला मारायचं ते मारणाऱ्यापेक्षा नऊ पटीनं लहान. त्यातही मधोमध लागला तर १०.९, जरा सरकला तर १०.३. दशांशासाठी एवढा जीव काढणारी माणसं मी फक्त आमच्या अकाउंट्स खात्यात पाहिली होती.

शेजारी बसलेल्या आयांच्या तोंडी अर्थात स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि २०२४ला पॅरिस ऑलिंपिकहून ब्राँझ घेऊन आला. याच बालेवाडीत सराव करायचा, असं एकीनं मला अशा थाटात सांगितलं की जणू त्याचा डबा तीच भरून द्यायची. त्याच्या आधी तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, म्हणजे पुन्हा कोल्हापूरच. तांबड्या रश्शात काय असतं कोण जाणे.

पण मी बघत होते ते वेगळंच. मी डोळे बघत होते.

मला एक डोळा मिटता येत नाही. डावा मिटला की उजवा आपोआप मिटतो, उजवा मिटला की डावा. दोघं जुळे असल्यासारखे वागतात. कॉलेजात कुणी डोळा मारला तर त्याला उत्तर म्हणून मी दोन्ही डोळे मिटायची आणि समोरच्याला वाटायचं, हिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. सुतार रंधा मारून झाल्यावर फळी डोळ्यापाशी धरतो, एक डोळा बारीक करतो आणि क्षणात सांगतो, 'इथं पोक आहे.' त्या क्षणाचा मला आजही हेवा वाटतो. माणसाच्या जातीत हे कौशल्य सगळ्यांना वाटलं तेव्हा मी कुठल्या रांगेत होते, देव जाणे.

त्याचा पहिला पंचनामा कुणकेश्वरच्या जत्रेत झाला. महाशिवरात्र, खाली समुद्र, वर देऊळ, आणि वाळूत फुगे फोडायचा फळा. खाजं घेऊन झालं की आम्ही पोरं तिकडे पळायचो. फळ्यावर रांगेत फुगे, समुद्रावरून वारा आला की सगळे एकाच दिशेला झुकायचे. बंदूकवाला नळी मोडून त्यात छर्रा कोंबून द्यायचा. बंदुकीचा दस्ता शेकडो गालांनी चोपडा झालेला, आणि त्याला खाज्याच्या गुळाचा वास. आतेभाऊ पटापट फोडायचा. माझी पाळी आली की मी दोन्ही डोळे मिटायची. मग मागून आजो ओरडायचा, "एक डोळो झाक गो! एक उघडो ठेव!" शेवटी आतेभावानं मागून येऊन माझ्या डाव्या डोळ्यावर हात धरला. त्याच्या हाताला भज्यांचं तेल. मी झाडली. फुगा नाही, पण फळ्याच्या चौकटीतून लाकडाचा कपचा उडाला आणि बंदूकवाल्यानं मला पुढे कुठल्याही जत्रेत बंदूक दिली नाही.

तर बालेवाडीला, स्पर्धेतली एक कॉलेजातली मुलगी बाहेर येऊन पाणी पीत होती. तिच्या डोक्याच्या पट्टीला डाव्या डोळ्यासमोर प्लास्टिकची पांढरी पट्टी लोंबत होती. मी विचारलं, हे काय? "ब्लाइंडर आहे ताई," ती म्हणाली. "डोळा मिटला की चेहरा ताणला जातो, दुसरा डोळाही थकतो. म्हणून दोन्ही उघडे ठेवायचे आणि एकापुढे हे. तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही." मग मोबाइल काढून तिनं पॅरिसचा तो फोटो दाखवला, सगळ्यांनी पाहिलेला. तुर्कस्तानचा युसुफ दिकेच, एक हात खिशात, साधा चष्मा, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे. त्याला रौप्यपदक मिळालं.

म्हणजे जगातले चांगले चांगले नेमबाज डोळा मिटतच नाहीत! आणि ही गोष्ट मला आतापर्यंत कुणीही सांगितली नाही. मला ताबडतोब त्या बंदूकवाल्याला शोधून काढावंसं वाटलं.

आजोकडे स्वतःची बंदूक होती. ठासणीची, पिकाच्या राखणीसाठी लायसन असलेली. नळीत दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजानं ठासायचं. शेवटी मागे तांब्याची इवली टोपी बसवायची. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, तेव्हा आजो रात्री मळ्यातल्या माचावर जाऊन बसायचा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आजो ती जुन्या पंचात गुंडाळून एसटीनं देवगडला न्यायचा, कंडक्टर तिचं तिकीट मागेल म्हणून हातात सुट्टे पैसे ठेवायचा, आणि आचारसंहिता उठेपर्यंत घरात उगाच चिडचिड करायचा. निवडणूक भाताच्या दिवसांत आली तर डुकरांना कोण सांगणार?

संध्याकाळी हॉटेलवरून काकाला फोन लावला. आधी आंब्याचं, मग हवेचं, मग विचारलं, आजो बंदूक झाडताना कुठला डोळा झाकायचा?

काका हसला. "झाकतलो कित्याक? आज्याक उजव्या डोळ्यान दिसाचाच नाय. मोतीबिंदू होतो. ऑपरेशन करूक घाबरलो तो घाबरलोच."

"मग नेम?"

"नेम कसलो गो? वर आभाळात झाडी. आवाजान डुकरां पळत."

मला कुणकेश्वरला मागून ओरडणारा आजो आठवला. एक डोळा झाक म्हणून सांगणाऱ्याचा स्वतःचा एक कायमचा झाकलेला होता, आणि त्यानं ते लायसन देणाऱ्यांपासून नातवंडांपर्यंत कुणालाही कळू दिलं नाही. आजो गेल्यावर लायसन काकानं आपल्या नावावर करून घेतलं नाही. बंदूक जमा केली ती केलीच.

काका मात्र आता डुकरांवर घसरला होता. यंदा खालचा अख्खा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, लोळवला. पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. वरच्या अंगाला काजू लावले तर माकडं बोंडं तोडून टाकतात, खातसुद्धा नाहीत धड. शेजाऱ्यांनी भात लावणं सोडलं, त्यामुळे सगळी जनावरं आमच्याच मळ्यात. "पुढल्या वर्साक मीय सोडतलंय," म्हणाला. तो असं दरवर्षी म्हणतो, पण या वेळी आवाज वेगळा होता.

मग एकदम म्हणाला, "तुमच्या त्या यूपीएसच्या जुन्या बॅटऱ्यांवर झटका मशीन चलतला काय?"

मी म्हटलं, चालेल, बारा व्होल्टची एक पुरते, पण चार्जिंगला पॅनेल घ्यावं लागेल. झटक्याच्या तारेचं कुंपण किती लांबीचं करायचंय ते मोजून सांग.